न विचारता केलेला समेट

अण्णा, येत्या रविवारी ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहात तुमचा फोटो लागणार आहे. फोटोखाली पितळेची पट्टी असेल आणि तिच्यावर ‘गावाच्या शांततेचे शिल्पकार’ असं कोरलेलं असेल. सरपंचबाई स्वतः दहिवलीला माझ्या घरी सांगायला आल्या होत्या. तरुण आहेत. त्या सून म्हणून गावात आल्या तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं, त्यामुळे त्यांना जे सांगितलं गेलं तेवढंच ठाऊक. गावात आणि बौद्धवाड्यात दगडफेक झाली होती, सगळं पेटलं असतं, तुम्ही पुढे होऊन समेट केलात आणि तेव्हापासून गावात तंटा म्हणून नाही, असं त्यांनी मला माझ्याच घरात बसून सांगितलं. मुलीनं पाच मिनिटं बोलावं, एवढीच त्यांची विनंती होती. मी हो म्हटलं. चहा केला, खारी दिली, फाटकापर्यंत सोडायला गेले. त्या रिक्षात बसल्या, मी आत आले आणि त्यांचा कप विसळायला घेतला. इतक्या जोरात घासला की कपाचा कान तुटून हातात आला. तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना आपल्या मेलेल्या माणसाचे असले सत्कार बघायची वेळ आली नसेल.

काय बोलू त्या पाच मिनिटांत? तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं तर माझ्यापाशी एक दिवस आहे. मी चौथी-पाचवीत असेन. तुम्ही रेल्वेत गँगमन, घाटाच्या कामावर. रविवारी आई मला डबा देऊन पळसदरीला पाठवायची. मी रुळांच्या कडेनं चालत तुमच्या टोळीपाशी येते तेव्हा सगळे उभे आहेत आणि मध्ये एक साहेब खुर्चीवर बसलेला आहे. आदल्या दिवशी रूळ उचलताना तुमच्या जोडीदाराचा हात चेंगरला होता. साहेबाचं म्हणणं साधं होतं: चूक त्याची स्वतःची होती असं सगळ्यांनी सांगायचं, मग त्याला हलकं काम मिळेल, कुणाची चौकशी होणार नाही, प्रकरण इथंच संपेल. मुकादम मान हलवत होता. बाकीचेही हलवत होते, कारण त्यात सगळ्यांचंच थोडं थोडं भलं होतं. तेवढ्यात तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, “सायेब, ज्याचा हात गेला तो दवाखान्यात हाय. त्याला इचारल्याबिगर आमी हो म्हननारे कोन?” आवाज चढवला नव्हतात. साहेब उठून गेला. तुम्ही माझ्या हातातून डबा घेतलात आणि भाकरीचा पहिला तुकडा मला दिलात. अण्णा, मी पुढे शिकले, शिक्षिका झाले, खालापूरच्या शाळेत इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवते. न्याय या धड्यापाशी आले की पुस्तक मिटून मी मुलांना हाच प्रसंग सांगते. तुमचं नाव घेत नाही. एक रेल्वे कामगार होता, एवढंच म्हणते. आणि दर वर्षी हे सांगून झालं की मला तो दुसरा दिवस आठवतो, समेटाचा, आणि मी वर्गातून लवकर बाहेर पडते.

तो पाऊस तुम्हाला आठवत असेलच. तुमची आत्या गेली, मी जिला आजी म्हणायचे. नदी कित्येक दिवस दुथडी वाहत होती आणि आपली मयताची जागा खालच्या काठाला, ती पार पाण्याखाली. वरच्या अंगाला गावाची शेड होती. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा ओटा, सरकारी पैशातून झालेली, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत ‘सार्वजनिक स्मशानभूमी’. आपल्यातले काही जण नको म्हणत होते. तुम्हीच म्हणालात, सार्वजनिक लिहिलंय ना, मग चला. भाऊ पुढच्या खांद्याला होता. विशीच्या आतला पोरगा, नुकतीच मिशी फुटलेली. आपल्यात बायका मयताला जातात, म्हणून आईही होती आणि मीही होते. शाळेच्या वळणावर गावातली माणसं वाट अडवून उभी होती. अनोळखी कुणी नव्हतं. आपल्याला दूध घालणारा होता, माझ्या वर्गमैत्रिणीचा बाप होता. एक जण म्हणाला, आज हिला आणलीत, उद्या रोज आणाल. तुम्ही काही तरी समजावत होतात. मग मागून दगड आले. भाऊला डोळ्यावर बसला. त्यानं तिरडी सोडली नाही. एका हातानं आपला कोपरा हळूहळू खाली टेकवला, आजी जमिनीला लागली याची खात्री केली आणि मगच हात डोळ्याला लावला. बोटांमधून रक्त येत होतं आणि पाऊस ते धुऊन नेत होता. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यापासून दोन हातांवर झालं.

भाऊला टेंपोत घालून आधी कर्जतला आणि तिथून मुंबईला नेलं. आई त्याच्याबरोबर गेली. आजी तशीच चिखलात. तेव्हा डोंगराखालच्या वाडीतली आदिवासी माणसं खाली आली आणि म्हणाली, आमच्याकडं आना. त्यांच्या दळीत, म्हणजे डोंगरउतारावरच्या ज्या जमिनीत ते पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी काढत आले तिथं, एक उंच सपाट तुकडा होता. पावसाळ्यासाठी साठवून ठेवलेली सुकी लाकडं त्यांनी आपल्या चुलीपुढून काढून दिली. एका बाईनं आपल्या लाकडांच्या ढिगावरचं प्लास्टिक ओढून आणलं आणि सरण पेट घेईपर्यंत चौघींनी ते वर धरून ठेवलं. तुम्ही तिच्यापुढे हात जोडलेत, मी पाहिलं. त्या दिवसापर्यंत तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट त्या दिवशी मला वाटलं, पळसदरीचा तोच माणूस.

मग गावानं आपली कोंडी केली. गिरणीत दळण घेईनात, दूध बंद, शेतावर मजुरी बंद. पोलिसांत तक्रार झाली होती, नावं दिली होती, आणि ती नावं मागे घ्या म्हणून निरोपावर निरोप येत होते. शेवटी शाळेच्या ओसरीवर बैठक ठरली. गावचे जाणते एका बाजूला, आपल्यातले चार जाणते दुसऱ्या बाजूला, मध्ये तालुक्याचा एक पुढारी. शाळेला लागून आपलंच घर, म्हणून चहा आपल्याकडून जाणार होता. आई मुंबईत भाऊच्या खाटेशी बसलेली. तेव्हा चुलीपुढे मी. तुम्ही किटली न्यायला आत आलात तेव्हा मी विचारलं होतं, अण्णा, भाऊला विचारलं का, आईला विचारलं का? तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. “तू चहात ध्यान घाल,” म्हणालात. तुमची माझ्यावरची बोलणी मी एरवी सगळी विसरले. हे एक वाक्य अजून पाठ आहे, कारण त्यात रागसुद्धा नव्हता. मी त्या बैठकीत कुणीच नव्हते, आणि हे तुम्हाला सांगायचीही गरज वाटली नव्हती.

काय ठरलं ते तुम्ही जेवताना सांगितलंत. आपण गावाच्या शेडकडे पुन्हा जायचं नाही. सरकारकडून आपल्याला आपली वेगळी शेड बांधून मिळेल, त्यासाठी पुढारी प्रयत्न करेल. गिरणी, दूध, मजुरी दुसऱ्या दिवसापासून सुरू. आणि कोर्टात आपल्या माणसांनी सांगायचं की पाऊस फार होता, चेहरे ओळखू आले नाहीत. हे सांगून झाल्यावर तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, आणि ती सांगताना तुमचा चेहरा उजळला होता. म्हणालात, सगळ्यांनी आपल्याकडचा चहा घेतला, एकानंही कप बाजूला सारला नाही. तो चहा मी केला होता, अण्णा. माझ्या भावाचा डोळा फोडणारे लोक माझ्या हातचा चहा प्याले, याचा तुम्हाला आनंद झाला होता. आठवड्याभरानं आई परतली. डोळा वाचला नव्हता. तुम्ही तिला म्हणालात, चला, मिटलं एकदाचं. आईनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, “तुमचं मिटलं. त्याचा डोळा मिटला.” त्यानंतर ती तुमच्याशी बोलत नव्हती असं नाही. मीठ, रॉकेल, पाहुणे, सगळं बोलायची. पण तुमच्या ताटात वाढताना ती कधी तुमच्याकडे बघायची नाही, हे तुम्हाला कळलं होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही.

भाऊ घरी आला तेव्हा तुम्ही कर्जतच्या बाजारातून त्याच्यासाठी काळा चष्मा आणलात. चांगला, काड्या सोनेरी. त्यानं तो घातला आणि आरशात बघून हसला, बिचारा. तोच चष्मा लावून तो कोर्टात उभा राहिला आणि पाऊस फार होता असं म्हणाला. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. यथावकाश वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी लागली. सत्काराला तुम्हाला व्यासपीठावर बसवलं, आणि गळ्यात हार घालून तुम्ही घरी आलात.

सरपंचबाई येऊन गेल्यावर मला वाटलं, माझा एकटीचा राग घेऊन व्यासपीठावर चढण्यात अर्थ नाही. लोकांना विचारावं. त्या समेटात न्याय झाला असं कुणाकुणाला वाटतं, ते तरी कळेल. म्हणून शाळा सुटल्यावर गावी गेले. नाक्यावरच्या हॉटेलात बैठकीतले गावच्या बाजूचे एक जाणते अजून रोज येऊन बसतात. आता फार थकलेत. मला बघून त्यांना खरंच बरं वाटलं, स्वतःच्या हातानं खुर्ची पुसून दिली. तुमच्यासारखा समंजस माणूस झाला नाही म्हणाले. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं, दोघांनी एकेक पाऊल मागं घेतलं, यालाच न्याय म्हणतात. मी विचारलं, आम्ही काय सोडलं ते मला माहीत आहे. तुम्ही काय सोडलंत? त्यांना प्रश्न नवा होता. बोटांवर मोजू लागले. लबाडी नव्हती, खरंच आठवत होते. मग म्हणाले, “आमी बी सोडलंच की. राग सोडला.” अण्णा, मी त्यांच्या वयाकडे बघून उठले. एका बाजूनं डोळा सोडला, तक्रार सोडली, सार्वजनिक या शब्दावरचा हक्क सोडला. दुसऱ्या बाजूनं राग सोडला. आणि तराजू बरोबर समतोल राहिला म्हणे.

आपल्या वाड्यात गेले तर तिथंही एकमत नाही. शेजारची काकी तुमच्या बाजूनं आहे. समेटानंतर मिळालेल्या आपल्या शेडची किल्ली हल्ली तिच्याकडेच असते. ती म्हणाली, तुला शिकलेलीला नाही कळायचं, दळण बंद झालं तेव्हा माझी पोरं लहान होती. आणि म्हणाली, “छप्पर तर आलं ना. माझ्या मालकाचं सरन भिजलं नाय.” ती खोटं बोलत नव्हती. तिथंच कॉलेजात जाणारी पोरं उभी होती. त्यातला एक म्हणाला, तो समेट नव्हता, शरणागती होती, म्हाताऱ्यानं आपल्याला विकलं. मी त्याच्यावर अशी तडकले की काकीला मध्ये पडावं लागलं. तुम्हाला बोल लावायचा हक्क माझा आहे. तो पाळण्यातही नव्हता तेव्हा.

मग शेलूला भाऊकडे गेले. स्टेशनच्या मागं नव्या इमारती झाल्यात, त्यांतल्या एकीत चौथ्या मजल्यावर तो राहतो. बदलापूरला पॅकिंगच्या कंपनीत आहे. बायको कामावरून यायची होती, मुलगी खाली खेळत होती. गॅलरीत बसलो. त्याच्याशी हे कधी बोललेच नव्हते मी. आमच्या घरात ते बोलायचंच नाही अशी रीत पडून गेली होती. फोटोचं सांगितलं, पट्टीवरचे शब्द सांगितले. मी म्हटलं, तुला काय वाटतं, न्याय झाला का? त्याला उत्तर शोधावं लागलं नाही. जणू इतकी वर्षं ते तयार होतं, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. म्हणाला, “ताई, मला इचारलं असतं ना, तर मी पन हो बोललो असतो. दळन बंद होतं, मला माहीत होतं. पन मग तो डोळा मी दिला असता. हा माझ्या नावावर दुसऱ्यानंच दिला.” मी रडेन असं त्याला वाटलं असावं, कारण तो उठून पाणी घेऊन आला. मला रडू आलं नाही. माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. तुम्ही ज्या माणसासाठी साहेबापुढे उभे राहिलात तो तुमचा कोण होता? जोडीदार. आणि हा कोण होता? निघताना भाऊनं विचारलं, वाडीवर जाऊन आलीस का? मी म्हटलं, वाडीचा काय संबंध? तो म्हणाला, आपली शेड कुनाच्या जागेत हाय, तुला खरंच माहीत नाय?

मला खरंच माहीत नव्हतं. शेड झाली तेव्हा माझं लग्न होऊन मी सासरी होते. पुढे गावी आले तरी त्या बाजूला वळले नाही. तुमच्या मयताला आले तीही मागून, गर्दीत, डोकं ठिकाणावर नसताना. दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. जिनं प्लास्टिक ओढून आणलं होतं ती बाई भेटली. आता कळंबच्या बाजूला एका रिसॉर्टवर खोल्या झाडायला जाते. मी तुमची मुलगी म्हटल्यावर तिनं बस म्हटलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. आजीचं दहन जिथं केलं, तोच सपाट तुकडा शेडसाठी धरला गेला. तुम्हीच सरकारी माणूस घेऊन आला होतात. कागदावर जमीन सरकारची, वाडीच्या नावावर काही नाही, त्यामुळे कुणाला विचारायचं कारण नाही, असं त्या माणसानं सांगितलं आणि तुम्ही गप्प उभे राहिलात. शेडभोवती तारेचं कुंपण आलं, कुंपणात अर्धी दळी गेली. ती म्हणाली, “आमी जागा दिली ती एका मयतापुरती दिली. तुमी कायमची घेतलीत. तुमचा समेट झाला, आमाला कुनी हाक पन नाय मारली.” आणि पुढचं ऐका, अण्णा, कारण हे तुमच्या फोटोखाली कुणी कोरणार नाही. तिची सासू पावसाळ्यात गेली. त्यांनी तिला शेडकडे आणलं. फाटकाला कुलूप होतं. आपल्यातले लोक जमले आणि म्हणाले, समेटात तुमचं नाव नाही, शेड आमची आहे. मी विचारलं, असं कोण म्हणालं? मला वाटलं, कुणी तरी आडमुठा असेल, तुम्ही त्या दिवशी घरी नसाल. ती म्हणाली, “तुझा बापूसच बोलला. बोलला, ठरलंय तेवढंच, नायतर परत भांडन व्हईल.”

वाडीवरून उतरताना पायाखालची वाट दिसत नव्हती मला. शाळेच्या वळणावर तुमच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसांनी काय म्हटलं होतं? आज हिला आणलीत, उद्या रोज आणाल. फाटकापाशी तुम्ही दुसरं काय म्हणालात? ज्यांनी आपल्या चुलीपुढची लाकडं तुमच्या आत्यासाठी दिली त्यांना तुम्ही कुलूप दाखवलंत, आणि तेही शांततेसाठी. गावानं आपल्याला जे दिलं ते स्वतःच्या खिशातून दिलं नाही, वाडीच्या ताटातलं उचलून दिलं. आणि तुम्ही ते घेतलंत. सगळ्यांना न्याय झाला असं वाटतं, कारण ज्यांना तसं वाटत नाही त्यांना कुणी विचारायला जात नाही. हॉटेलातल्या म्हाताऱ्याला वाटतं, काकीला वाटतं. मला तुम्ही भ्यालात हे सहन झालं असतं. दळण बंद होतं, पोटचा पोर दवाखान्यात होता, माणूस भितो. घरी येऊन एकदा म्हणाला असतात की मी भ्यालो, तर मी तुमच्या पायाशी बसून रडले असते. पण तुम्ही शहाणे होता म्हणतात, ते मला सहन होत नाही.

इथवर लिहून कागद कपाटात ठेवले होते. रविवार होऊन गेला. मी सरपंचबाईंना आधीच सांगितलं होतं की माझ्या वेळातला थोडा वेळ वाडीतल्या एका बाईला द्या. त्या चाचरल्या, विषय भलतीकडे जाईल म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. सभागृह भरलं होतं. हॉटेलातल्या जाणत्यांच्या हस्ते फोटोला हार घातला गेला. रेल्वेतून निवृत्त झालात त्या दिवशीच्या गटफोटोतला चेहरा मोठा करून घेतला होता. नाकापाशी थोडा पुसट झालाय, पण तुम्हीच आहात. माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, “हा समेट माझ्या वडिलांनी केला. ज्याचा डोळा गेला त्याला विचारलं नाही, त्याच्या आईला विचारलं नाही, आणि ज्यांच्या जमिनीवर तो समेट उभा राहिला त्यांना तर बोलावलंही नाही. गावात शांतता झाली हे खरं आहे. न्याय झाला असं मात्र कुणी म्हणू नका.” एवढंच. खाली बसले. मग वाडीतली बाई उठली. तिनं माईक हातात घेतला नाही. म्हणाली, “मला भाशान येत नाय. कुलूप काढा. आनि दळीचं बोलायचं तर आमाला बसवून बोला.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्यातल्या त्या कॉलेजच्या पोरानं दोनदा वाजवल्या आणि थांबला. जाणते काठी टेकत उठले, मेलेल्या माणसाची अशी शोभा करू नये म्हणाले आणि निघून गेले; त्यांच्यामागून गावातली अर्धी माणसं गेली. आपल्यातलेही काही गेले. सभागृहात उरलेल्यांपैकी एकानं विचारलं की आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे. भाऊ आला होता. शेवटच्या रांगेत बसला होता, चष्मा न लावता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी काकीनं शेडचं कुलूप काढलं. कुणाला विचारून काढलं, असं आपल्यातल्या एकानं तिला दरडावलं. तिनं त्याला काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. किल्ली तिनं स्वतः वाडीवर नेऊन दिली. दळीचा विषय ग्रामसभेत घ्यायचं सरपंचबाईंनी कबूल केलंय, वाडीतल्या बायकांना बसवून. होईल की नाही, सांगता येत नाही. सरकारी जमीन म्हटलं की सगळ्यांचे हात वर होतात. सरपंचबाईंचा फोन आला होता, पट्टीचं काय करू म्हणून. मी म्हटलं, फोटो राहू द्या, पट्टी बदला. नुसतं नाव, आणि खाली ‘रेल्वे कामगार’. आणि गावाच्या त्या शेडबद्दल, जिच्या भिंतीवर अजून ‘सार्वजनिक’ लिहिलेलं आहे, एवढं सगळं होऊनही कुणी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. तो राग माझ्यापाशी शिल्लक आहे. तो मी सोडणार नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. भाऊलाही दाखवणार नाही. एक मात्र सांगून टाकते. आईला मी जन्मभर ‘तू’ म्हणत आले, म्हणून तिच्याशी कडाकडा भांडता आलं आणि पुन्हा तिच्याच मांडीवर डोकं ठेवता आलं. तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणत आले. भांडणही झालं नाही आणि मांडीही नाही. म्हणून हे पत्र ‘तू’ म्हणून लिहायचं ठरवलं होतं. पहिली ओळ तशी लिहिलीही होती: अण्णा, तू चुकलास. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.